धागा: रिपोर्टमधला 'पी-टाऊ २१७' आणि तो फॉस्फेट नेमका करतो काय?

गोदाकाठची

मंडळी, नमस्कार. सासूबाई ७४ वर्षांच्या. वर्षभरात विसरणं वाढलंय. नावं विसरणं आपलं सगळ्यांचंच चालतं, पण परवा कॉलेज रोडवरून घरी येताना नेहमीचं वळण त्यांना सापडेना, तेव्हा आम्ही घाबरलो. न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय, बी१२, थायरॉइड सगळं करून घेतलं आणि म्हणाले, हवी तर पी-टाऊ २१७ नावाची रक्ततपासणी करता येईल. महाग आहे, नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. 'पी म्हणजे काय' विचारलं तर 'फॉस्फोरिलेटेड' म्हणाले, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

माझं विज्ञान बारावीला संपलं. माहेरी द्राक्षबाग, त्यामुळे फॉस्फरस म्हटलं की मला डीएपीची गोणीच डोळ्यासमोर येते. मेंदूतल्या प्रथिनावर हा फॉस्फेट येतो कुठून? तो बसला की वाईट का? आणि जेवणातून काही कमी करायला हवं का? सोप्या भाषेत सांगा, पण फार बाळबोधही नको.

चहाबाज

वाचतोय. खुर्ची धरून बसलो आहे.

अनुभवी_काका

ताई, घाबरू नका. काली फॉस ६एक्स या होमिओपॅथीच्या चार-चार गोळ्या दिवसातून तीनदा. मेंदूला फॉस्फेट कमी पडलं की विसरायला होतं. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत नातवंडांना हमखास देतो.

सायनॅप्सकर

काकांच्या गोळ्यांकडे नंतर येतो. आधी मूळ प्रश्न. (जीवरसायन शिकवतो, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

खतातला फॉस्फरस आणि हा, मूलद्रव्य एकच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यातल्या सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसीन या तिघांना बाजूला एक ओएच गट असतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूचा शेवटचा फॉस्फेट काढून या ओएचवर चिकटवणारी एन्झाइमं म्हणजे कायनेज. तो फॉस्फेट काढून टाकणारी म्हणजे फॉस्फटेज. माणसात कायनेजच पाचशेच्या वर आहेत, यावरून पसारा लक्षात यावा.

फॉस्फेटवर ऋण भार असतो आणि तो चांगला जोरकस असतो. साखळीवर एका जागी तो येऊन बसला की आसपासचे धन भार त्याच्याकडे ओढले जातात, ऋण भार दूर सरकतात आणि प्रथिनाची घडी बदलते. घडी बदलली की काम बदलतं. बंद वाहिनी उघडते, झोपलेलं एन्झाइम जागं होतं, कुणाला तरी धरून बसलेलं प्रथिन त्याला सोडून देतं. फॉस्फेट काढला की पुन्हा पहिल्यासारखं. नवं प्रथिन तयार करायचं तर पेशीला बराच वेळ लागतो, हे काम सेकंदांत उरकतं. चेतापेशीला नेमकी हीच सोय लागते.

१९५५च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज स्नायूतल्या ग्लायकोजेनवर काम करत होते, तिथे हा प्रकार पहिल्यांदा नीट कळला. त्यांना नोबेल मिळालं १९९२ला. मेंदूत तो दाखवून देण्याचं मोठं श्रेय पॉल ग्रीनगार्ड यांचं, नोबेल २०००. जन्म देताना त्यांची आई वारली होती. बक्षिसाची रक्कम त्यांनी आईच्या नावाने स्त्री-शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार सुरू करायला दिली. हे विषयाला सोडून आहे, पण मला सांगावंसं वाटतं.

मेंदूत नेमकं काय घडतं याचं माझं आवडतं उदाहरण कॅमकायनेज-२. दोन चेतापेशींच्या सांध्यावर, म्हणजे सायनॅप्सवर, हे एन्झाइम खच्चून भरलेलं असतं. बारा घटक, सहा-सहाच्या दोन कड्यांत. सांध्यावर जोराचा संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं आणि एन्झाइम जागं होतं. मग त्यातला एक घटक शेजारच्या घटकाच्या २८६व्या जागेवरच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसवतो. आता गंमत बघा: कॅल्शियम ओसरून गेलं तरी हे एन्झाइम चालूच राहतं. क्षणभराच्या संदेशाची खूण मागे उरली. १९९८मध्ये उंदरांत फक्त ही एक जागा बदलली, फॉस्फेट बसूच शकणार नाही अशी केली. बाकी सगळं एन्झाइम शाबूत. ते उंदीर पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा कुठे आहे हे शिकू शकले नाहीत.

तेव्हा 'फॉस्फेट बसला म्हणजे वाईट' हे डोक्यातून काढून टाका. हे वाचताना तुमच्या मेंदूतही तेच चाललंय. कुठल्या प्रथिनावर, कुठल्या जागी बसला आणि वेळेवर निघाला की नाही, खेळ सगळा तिथे आहे.

गोदाकाठची

बाप रे, हे छान कळलं. आता टाऊ?

सायनॅप्सकर

चेतापेशीचा लांब तंतू, अ‍ॅक्झॉन, कधी कधी मीटरभर असतो. कमरेतून निघालेला थेट पायाच्या बोटांपर्यंत. त्याच्या आत सूक्ष्मनलिका असतात आणि त्यांच्यावरून मालाची ने-आण चालते. टाऊ या नलिकांना चिकटून त्यांना स्थिर ठेवायला मदत करतं. १९७५मध्ये सापडलं ते याच कामामुळे.

टाऊचा नलिकेला धरणारा भाग धन भाराचा, नलिका ऋण भाराची. आता त्या भागात किंवा आसपास फॉस्फेट चढले तर पकड ढिली पडणारच. आपल्या मेंदूतल्या सगळ्यांत लांब टाऊत ४४१ अमिनो आम्लं आहेत आणि फॉस्फेट बसू शकेल अशा जागा ऐंशीच्या वर. निरोगी मेंदूत एका टाऊवर सरासरी दोन-तीन फॉस्फेट सापडतात, अल्झायमरच्या मेंदूत आठच्या घरात. सुटलेले टाऊ एकमेकांना धरू लागतात आणि पेशीत धाग्यांचा गुंता होतो. अलोइस अल्झायमर यांनी १९०६मध्ये आपल्या रुग्ण बाईंच्या मेंदूत जे धागे पाहिले ते हेच. पण ते टाऊचे आहेत आणि टाऊवर फॉस्फेट लादलेले आहेत, हे कळायला १९८०चं दशक उजाडावं लागलं.

बसवणाऱ्यांत जीएसके-३ आणि सीडीके-५ ही दोन कायनेज पुढे असतात. काढणाऱ्यांत मुख्य पीपी-२ए हे फॉस्फटेज, आणि अल्झायमरच्या मेंदूत त्याची ताकद घटलेली दिसते. लोक बसवणाऱ्यालाच धरून ठोकतात. काढणारा ढिला पडला तरी परिणाम तोच, याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही.

पी-टाऊ २१७ म्हणजे २१७व्या जागेवरच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसलेला टाऊ.

म्हसरूळची_मीरा

म्हणजे जीएसके-३ बंद करणारं औषध दिलं की काम झालं? इतकं सोपं असतं तर एव्हाना बाजारात आलं असतं ना?

सायनॅप्सकर

बरोबर पकडलंत. टायडग्लुसिब नावाचं तसं औषध अल्झायमरच्या रुग्णांवर तपासून झालं, स्मृतीवर फरक पडला नाही. एक अडचण अशी की जीएसके-३ला फक्त टाऊचंच काम नाही, साखरेपासून जनुकांपर्यंत ते सगळीकडे हात घालतं.

दुसरी अडचण माझ्या मते जास्त मोठी. युरोपातल्या जमिनीत राहणाऱ्या खारी हिवाळ्यात महिनोन्‌महिने गारठून झोपतात. २००३मध्ये त्यांचे मेंदू तपासले तर टाऊवर अल्झायमरसारखे फॉस्फेट चढलेले! चेतापेशींमधल्या सांध्यांची, म्हणजे सायनॅप्सची, संख्याही कमी झालेली. खार जागी झाली की फॉस्फेट उतरले आणि सांधे परत आले. गर्भातल्या बाळाच्या टाऊवरही फॉस्फेट भरपूर असतात. म्हणजे एवढे फॉस्फेट चढूनही खारीला काही होत नाही, कारण ते उतरतात. आपल्यात का उतरत नाहीत, यावर अजून भांडणं चालू आहेत.

ओपीडीतला

सायनॅप्सकरांचं सगळं मान्य. गोदाकाठची ताई, तुमच्या कामाचं मी सांगतो.

नाशिककरांना वेगळं सांगायला नको: पुराचं पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की आपण ओळखतो आपल्या गंगेला, म्हणजे गोदेला, किती पाणी आहे. पूर मारुतीमुळे येत नाही. रक्तातला पी-टाऊ २१७ तसा आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाचे थर साचतात; ते साचायला लागले की तो रक्तात वाढतो, लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. म्हणून खूण म्हणून तो चांगला. रक्तातला पी-टाऊ कमी करून आजार बरा होईल असं मात्र नाही.

अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५मध्ये अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड ४२ यांचं गुणोत्तर बघते, आणि ती ५५च्या पुढच्या, विसरण्याची लक्षणं असलेल्या लोकांसाठीच आहे. धडधाकट माणसाने हौसेने करायची ती नव्हे. किडनी अधू असेल तर आकडा उगाच वाढलेला येतो, तेव्हा क्रिएटिनिन आधी बघून घ्या. बी१२ आणि थायरॉइड झालंय हे उत्तम. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२मुळे विसरणारे पेशंट मी बरेच पाहतो, आणि त्यातले पुष्कळ सुधारतात.

रिपोर्टने पुढे काय बदलणार, हे करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. उत्तर 'काहीच नाही' असेल तर पैसे ठेवा.

आणि काका, रागावू नका. ६एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग. वाटीभर वरणात त्याहून कितीतरी जास्त फॉस्फेट असतं. मोठ्या माणसाच्या अंगात पाऊण किलोच्या आसपास फॉस्फरस असतो, त्यातला बहुतेक हाडांत आणि दातांत. कायनेज जो फॉस्फेट वापरतं तो पेशीतल्या एटीपीतून, आणि एटीपीची पातळी पेशी स्वतः राखते. ताटात कमी-जास्त केल्याने टाऊवर ना चढतो ना उतरतो. ताई, पथ्य काही नाही.

अनुभवी_काका

आमची नातवंडं पास झाली एवढं खरं.

चहाबाज

काका 😀

म्हसरूळची_मीरा

अवांतर: मागे लिथियमची बातमी फिरत होती, अल्झायमरवर उपाय म्हणून. ती या फॉस्फेटशी संबंधित का?

ओपीडीतला

संबंधित आहे. जॉन केड यांनी १९४९मध्ये ऑस्ट्रेलियातून लिथियम मनोविकारांवर चालतं असं लिहिलं, आणि ते जीएसके-३ला आवरतं हे १९९६मध्ये कळलं. २०२५मध्ये हार्वर्डच्या गटाने उंदरांवरचं काम छापलं, बातम्या त्याच्या. ते उंदीर होते. लिथियमची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडं अंतर आहे, रक्तातली पातळी वारंवार बघावी लागते, थायरॉइड आणि किडनीवर नजर ठेवावी लागते. ऑनलाइन मागवून म्हाताऱ्या माणसांना देऊ नका. हे मी हात जोडून सांगतोय.

ओझरकर

वडिलांना कंपवात आहे. त्यातही हाच प्रकार असतो का? त्यांच्या डॉक्टरांनी फक्त 'डोपामाइन कमी पडतं' एवढंच सांगितलं.

सायनॅप्सकर

असतो, आणि टाऊपेक्षा जास्त गुंतागुंतीचा.

डोपामाइनपासून सुरू करू. ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेत एक प्रथिन सापडलं, डार्प-३२. मेंदूच्या ज्या भागात डोपामाइन पोचतं तिथेच ते भरपूर असतं. डोपामाइन आलं की त्याच्या ३४व्या जागेवर फॉस्फेट बसतो, आणि मग डार्प-३२ जाऊन पीपी-१ या फॉस्फटेजला अडवतं. म्हणजे एका फॉस्फेटने काढणाऱ्याचेच हात बांधले, आणि बाकीच्या कितीतरी प्रथिनांवरचे फॉस्फेट टिकून राहिले. डोपामाइनचा परिणाम क्षणात विरत नाही, रेंगाळतो, याचं हे एक कारण. त्याच डार्प-३२च्या ७५व्या जागेवर फॉस्फेट बसला तर मात्र ते उलट वागतं, ३४वर फॉस्फेट बसवणाऱ्या कायनेजलाच अडवतं. प्रथिन एक, जागा दोन, परिणाम विरुद्ध.

(चहाबाज, तुमच्यासाठी: कॅफीनमुळे ही ७५वी जागा भरते. डार्प-३२ नसलेल्या उंदरांना कॅफीनची तरतरी नीट येत नाही, हे २००२मध्ये दाखवलं गेलं.)

आता आजार. कंपवातात पेशींत ज्या गोळ्या साचतात त्यांत अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन असतं. निरोगी मेंदूत त्यातल्या अगदी थोड्या रेणूंच्या १२९व्या सेरीनवर फॉस्फेट असतो, गोळ्यांमधल्या सुमारे नव्वद टक्के रेणूंवर असतो. तो फॉस्फेट गोळ्या होण्याआधी बसतो की नंतर, यावर एकमत नाही.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती आनुवंशिक कंपवाताची जोडी. एलआरआरके-२ हे एक कायनेज. त्याच्या एका ठरावीक बदलात ते गरजेपेक्षा जास्त काम करतं, आणि माणसाला कंपवात होऊ शकतो. पिंक-१ हे दुसरं कायनेज, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांपैकी खराब झालेल्यांवर फॉस्फेटची खूण करून ते मोडीत काढायला लावणारं. ते कामातून गेलं तरी कंपवात, तोही तरुणपणी. एकीकडे फॉस्फेट जास्त, एकीकडे कमी, आजार तोच. एलआरआरके-२ला आवरणाऱ्या औषधांच्या चाचण्या माणसांवर चालू आहेत.

ओझरकर

धन्यवाद सर. वडिलांचा आनुवंशिक नसावा, घरात कुणालाच नव्हता. कुणीतरी खाजकुयलीचं चूर्ण सुचवलंय.

ओपीडीतला

खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं आणि जे कंपवाताच्या गोळ्यांतही असतं ते, खरोखर असतं. म्हणूनच जपून. गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर नेमकं किती लेव्होडोपा पोटात गेलं याचा पत्ता लागत नाही, आणि मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं. डॉक्टरांपासून लपवू नका, एवढंच.

चहाबाज

माझ्या सकाळच्या कटिंगचा ७५व्या जागेशी संबंध आहे हे कळल्यापासून टपरीवरच्या मामांना मान देऊन बोलतोय.

द्राक्षवाला_निफाड

राम राम मंडळी. धागा सगळा वाचला, निम्मा डोक्यावरून गेला. पण मला एक सांगा. आमच्या फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर, ज्याच्या चौकोनात खालचा त्रिकोण पिवळा असतो त्यातल्या काहींवर, ऑर्गॅनोफॉस्फरस गट असं लिहिलेलं असतं. क्लोरपायरीफॉस बघा. निर्यातीच्या मालाला आता चालत नाही, युरोपने २०२०मध्ये बंद केलं, पण इतर पिकांना अजून मारतात. फवारून आलेल्या पोराची बोटं थरथरतात, डोळ्यांनी अंधुक दिसतं म्हणतो. हा फॉस्फरस आणि तुमचा तो फॉस्फेट, यांचं काही नातं आहे का?

सायनॅप्सकर

दादा, या धाग्यावरचा सगळ्यांत नेमका प्रश्न तुमचा आहे. नातं थेट आहे.

चेतापेशी स्नायूला 'आवळ' सांगते ती अ‍ॅसिटिलकोलीन सोडून. निरोप पोचला की ते लगेच मोडावं लागतं, नाहीतर स्नायू आवळलेलाच राहील. मोडणारं एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडतो. त्याच्या मर्मस्थानी एक सेरीन असतं, तोच ओएचवाला. ऑर्गॅनोफॉस्फरस औषध शरीरात गेलं की नेमकं त्या सेरीनवर आपला फॉस्फरस गट चिकटवतं. म्हणजे हेही फॉस्फोरिलेशनच. फरक इतकाच की इथे बसवायला कायनेज लागत नाही, आणि काढायला शरीराकडे फॉस्फटेज नाही. एन्झाइम ठप्प. अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं: बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, घाम, स्नायू फडफडणं, छातीत पाणी, शेवटी श्वास बंद. किडीलाही ते असंच मारतं.

ओपीडीतला

पुढचं मी. आम्ही अ‍ॅट्रोपीन देतो ते साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम रोखायला. छाती कोरडी होईपर्यंत देत राहतो. सेरीनवरचा गट काढायला पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. पण त्याला वेळेची अट आहे. चिकटलेल्या गटाचा एक तुकडा काही काळाने गळून पडतो आणि मग तो गट कायमचा बसतो, पाम काही करू शकत नाही. डायमिथाइल जातीच्या औषधांत, उदा. मोनोक्रोटोफॉस, निम्मी एन्झाइमं चार तासांच्या आत अशी हाताबाहेर जातात. डायइथाइल जातीत, उदा. क्लोरपायरीफॉस, दीड दिवसाच्या आसपास मिळतो. त्यानंतर शरीर नवं एन्झाइम बनवेल तेवढाच आधार.

पामवर डॉक्टरांत मतभेद आहेत. बारामतीत झालेल्या आणि २००६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात सलग ठिबकून दिल्याचा फायदा दिसला. नंतर श्रीलंकेतल्या अभ्यासात तो दिसला नाही. अ‍ॅट्रोपीनबद्दल वाद नाही.

द्राक्षवाला_निफाड

आता आमच्या फवारणीच्या पोरांचं काय करू? मास्क देतो, पण उकाड्यात कोणी लावत नाही, खरं सांगतो. रक्त तपासून काही कळतं का?

ओपीडीतला

कळतं. कोलिनएस्टरेजची तपासणी मिळते. पण माणसामाणसाचा मूळ आकडा फार वेगळा असतो, त्यामुळे त्रास झाल्यावर एकदाच तपासून उपयोग कमी. निदान महिनाभर फवारणीपासून लांब असताना प्रत्येकाचा एकदा करून वहीत लिहून ठेवा, मग हंगामात तुलना करता येते. लिव्हरचा आजार असेल तर आकडा मुळातच कमी येतो, तेही डॉक्टरांना सांगा.

मास्कइतकंच कपड्यांकडे बघा. हे औषध कातडीतून शिरतं. भिजलेला शर्ट दिवसभर अंगावर राहिला तर मास्क लावूनही उपयोग नाही. बोटं थरथरणं, अंधुक दिसणं ही सुरुवात असते. त्या पोराला त्याच दिवशी फवारणीच्या ब्लोअरवरून उतरवा, साबणाने अंघोळ घाला आणि दवाखान्यात न्या. येताना बाटली सोबत आणा, रिकामी असली तरी. डायमिथाइल की डायइथाइल, म्हणजे आमच्या हातात किती वेळ आहे, ते लेबलवरच्या नावावरूनच कळतं.